वाळ्यांसकट वजन

सानगडी, ९ डिसेंबर १९८५

प्रिय चंद्रा,

तारच करणार होते. पण तार म्हटली की तुझ्या सासरी ती वाचण्याआधीच रडारड सुरू होईल, म्हणून पत्र लिहिते आहे. पवनीला पोचायला तीन दिवस लागतील. त्या तीन दिवसांचंच मला भय वाटतं.

माझी अंगणवाडी तू पाहिलीच आहेस. आढ्याला लटकवलेला काटा, त्याला कापडाची झोळी, आणि मुलं भोकाड पसरत असताना त्यांच्या आयांची थट्टा करणारी मी. इथल्या कुंताबाईचा ईश्वर अकरा महिन्यांचा. दर महिन्याला ती त्याला वाळे, करगोटा, ताईत, सगळ्यांसकट झोळीत घालायची. काढ म्हटलं की म्हणायची, "वाळे काहाडले तं लेकराले नजर लागते, बाई. तुमच्या काट्याले काय फरक पडते?" मीही हसून सोडून द्यायची. धान कापणीचे दिवस, बायांना शेतावर, बांधीत जायची घाई. वाद कोण घालणार? वाढीच्या तक्त्यावर त्याचा ठिपका धोक्याच्या रेघेच्या जरासा वर पडायचा. खाली पडला असता तर त्याला सुकडीचा पोषक खाऊ दुप्पट मिळाला असता, डॉक्टरांना दाखवलं असतं. पण ठिपका वर आहे याचाच मला आनंद!

काल त्याला झोळीतून उचललं आणि एक वाळा टाचेवरून आपोआप घसरून खाली पडला. कुंताबाई तो उचलायला वाकली आणि तशीच बसून राहिली. "बारशाले साबण लावून चढवला होता, बाई," एवढंच बोलली. मग आम्ही दोघींनी त्याच्या अंगावरचं सगळं काढलं आणि पुन्हा वजन केलं. ठिपका सगळ्यात खालच्या रेघेच्याही खाली गेला. दुपारच्या मोटारीनं त्याला दवाखान्यात नेलं. आज सकाळपर्यंत त्यानं डोळे उघडले नव्हते. कुंताबाईनं मला अजून एक शब्द ऐकवलेला नाही. ऐकवला असता तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून मला तुझी मंदाच आठवते आहे. दिवाळीत तू आलीस, तेव्हा हौसेनं तुझ्या मंदाला माझ्या काट्यावर घातलंस. टोपडं, झबलं, वाळे, सगळ्यांसकट. मी ऐटीत सांगितलं, तुझी लेक पास! तिच्या घोट्यावर वाळे गरगर फिरत होते, तर मी तुला चिडवलं, "सोनारानं माप चुकवलं वं, म्हशीचे वाळे देल्ले तुले!" तूही खो खो हसलीस. चंद्रा, सोनारानं माप चुकवलं नव्हतं. बारशाला तेच वाळे मी माझ्या हातानं, तेल लावून, ती कळवळून रडत असताना चढवले होते. आठ महिन्यांच्या लेकराच्या पायात ते आता रुतायला हवे होते गं. हे वाचलंस की सासूबाईंना विचारत बसू नकोस. मंदाचे वाळे काढ, आणि तिला उघड्या अंगानं तिथल्या दवाखान्यातल्या काट्यावर घाल.

तुझीच, जीव मुठीत धरून बसलेली,
शकुन