जेवून आलोय म्हणणारा स्पेनचा पाहुणा

ती. कमलअक्कास,

तुझ्या पायांवर डोकं ठेवते (इथूनच, माझे गुडघे आता वाकत नाहीत). तुझं बठ्ठं बरं शे ना? डोळ्याच्या ऑपरेशनची पट्टी सुटली का? फोनवर तुला ऐकू येत नाही आणि बठ्ठ्या गल्लीला ऐकू जातं, म्हणून लिहिते.

आमच्या मयुरीने, म्हणजे माझ्या नातीने, स्पॅनिश भाषा शिकायला घेतली आहे. इथे रावेरला केळीच्या कारखान्यात स्पेनहून पॅकिंगची मशीन आली. ती बसवायला तिथलाच माणूस येणार, त्याचं बोलणं मराठीत सांगायला कोणी तरी हवं. पाहुणा खूश झाला तर पोरीची नोकरी पक्की, नाही तर तिचा बाप स्थळं बघायला मोकळा. म्हणून पोरगी उठता-बसता एकच धडा घोकत होती : नुकतं होऊन गेलेलं पण अजून अंगावर असलेलं काम कसं सांगायचं. वाती वळता वळता माझाही पाठ झाला. पुढे एक मदतीचा शब्द लागतो, 'आबेर' त्याचं नाव. मी असले तर 'ए', तू असलीस तर 'आस', तो असला तर 'आ'. सुनेसारखा आहे, माणूस बघून तोंड बदलतो. मागून खरं काम. त्याचं शेपूट कापून 'आदो' नाही तर 'इदो' लावायचं. खाणं म्हणजे 'कोमेर', त्याचं झालं 'कोमिदो'. हे मात्र जावयासारखं. बाई असो बाप्या असो, एक असो की दहा, जागचं हलत नाही. 'ए कोमिदो', मी जेवले आहे. (काही शब्द शेपूट लावूनच घेत नाहीत. लिहिणं 'एस्क्रिबिर', त्याचं एकदम 'एस्क्रितो'. प्रत्येक घरात असं एखादं असतंच. आमच्याकडे मयुरीचा भाऊ भूषण आहे.)

तर पाहुणा आला. मशीन सुरू करायच्या आधी मयुरी त्याला चहाला घरी घेऊन आली. मी भरीत, कळण्याची भाकरी आणि खापरावरच्या पुरणपोळ्या तयार ठेवल्या होत्या. (तुझ्या सुनेसारख्या, ज्योत्स्नासारख्या नव्हे. तिची पोळी थंडीत पांघरून झोपता येईल.) ताट बघून त्याने पोटावर हात ठेवला आणि म्हणाला, "ए कोमिदो." मयुरीने तोंड उघडायच्या आत मला समजलं. पण समजून काय करायचं, अक्का? जेवून आलोय म्हणणाऱ्या पाहुण्यावर आपल्याकडे कोणी कधी विश्वास ठेवलाय? मी वाढलं.

"आजी, तो खरंच जेवलाय!"

"तुझे आजोबाही मला बघायला आले तेव्हा हेच म्हणाले होते. मागून परात पुसून खाल्ली."

तो जितकं म्हणे 'ए कोमिदो', तितकं मी वाढत जाई. (ताटावर आडवा हात धरायलाही त्याला कोणी शिकवलेलं नाही. कसले आईबाप!) शेवटी तो ओसरीतल्या बाजेवर आडवा झाला आणि घोरायला लागला. तिकडे कारखान्यात माणसं मशीनपुढे उभी, साहेबाचे फोनवर फोन, इकडे मयुरी रडतेय, नोकरी गेली म्हणून. मी म्हटलं, रडू नको, 'दोर्मिर' म्हणजे झोपणं, उठला की 'ए दोर्मिदो' म्हणेल. दिवेलागणीला उठला, तेच म्हणाला आणि हसत सुटला. घर सोडल्यापासून बिचाऱ्याला झोपच नव्हती. दुसऱ्या दिवशी मशीन चालू केली आणि साहेबाला सांगितलं, ही पोरगी ठेवा. फक्त तिची आजी 'एकच घ्या' म्हणते त्याचा अर्थ तिला नीट सांगता येत नाही.

नोकरी लागली. देवाला नारळ फोडला, तो मात्र नासका निघाला.

तुझी धाकटी,
बेबाबाई

ता. क. पाहुण्याची बायको तिकडून येतेय, सोमवारी तो तिला घेऊन जेवायला येणार. माझं खापर चुलीवरून उतरवताना फुटलं, तुझं धाड. सोबत ज्योत्स्नालाही धाड. माझ्या हातावर आता पोळी फिरत नाही. त्या दिवशीच्या पोळ्याही शेजारच्या सुनंदाबाईने केल्या होत्या, पण तिच्या पोळीलाही मी नावं ठेवली, तर ती रुसून बसलीय.

पुन्हा ता. क. पोळीबद्दल वर लिहिलंय ते ज्योत्स्नाला कळू देऊ नको.

आणखी ता. क. अगं बाई! पट्टी सुटली नसेल तर हे पत्र तीच वाचत असणार, आणि तुला ऐकू येत नाही म्हणून ओरडून वाचत असणार. ज्योत्स्ना, 'ए एस्क्रितो', मी लिहिलं आहे. 'आस लेइदो', तू वाचलं आहेस. दोन्ही कामं होऊन गेली आणि दोन्ही अजून अंगावर आहेत. आता रुसू नको, रविवारच्या गाडीने ये. खापर फुटेल, त्याला काही तरी जाड गुंडाळ. गोणपाट नसेल तर तुझी एक पोळी चालेल.