बटणाची पाठ आणि ताईच्या घरातली ओल

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. तू बरी असशील असं धरून चालतो, कारण बरी नसतीस तर आधी तुझंच पत्र आलं असतं. गुडघे कसे आहेत? (खरं लिही. मागच्या खेपेस 'ठीक' लिहिलंस आणि त्याच आठवड्यात काठी घेतलीस, हे मला दुसऱ्यांकडून कळलं.) माझं म्हणशील तर जेवतो, झोपतो, पुस्तकं बांधतो. तक्रार करावी असं काही नाही आणि सांगावं असंही काही नाही, म्हणून कासवाबद्दल लिहितो.

बटण तुला आठवत असेल. तुझ्या भावजयीच्या मैत्रिणीकडे कासवीची अंडी फुटली तेव्हा तिने हे पिल्लू आणलं. कोटाच्या बटणाहून जरासंच मोठं होतं म्हणून बटण. (मी विरोध केला होता. कासव माणसाच्या मागे उरतं, मग त्याचं कोण करणार, असं मी म्हणालो. तेव्हा मला वाटलं होतं की हा प्रश्न मी आम्हा दोघांच्या वतीने विचारतोय.) ती गेली आणि बटण माझ्या वाट्याला आलं. म्हणजे ते होतं तिथेच राहिलं, तिच्या शिलाई मशीनशेजारच्या काचेच्या पेटीत.

आता पुस्तक बांधणाऱ्या माणसाचा जन्म ओलीशी भांडण्यात जातो हे तुला सांगायला नको. पुठ्ठा फुगतो, खळ बुरसते, पानं एकमेकांना धरून बसतात. तेव्हा बायकोची आठवण म्हणून राहिलेल्या जिवाची मी माझ्या परीने उत्तम बडदास्त ठेवली. पेटीतली माती कुबट वाटली ती काढून टाकली आणि कोरा टीपकागद अंथरला. पुस्तकांचे कणे वाळवायचा दिवा वर टांगला. जुन्या ग्रंथांच्या कपाटात ठेवतो त्या ओल शोषणाऱ्या पुड्या चारी कोपऱ्यांत ठेवल्या. भिंतीवरचा दमटपणा मोजायचा काटा इतका खाली कधी गेला नव्हता आणि मला फार समाधान वाटलं. बटण डोळे मिटून बसायचं. मी समोर बसायचो. आम्ही दोघं एकाच कारणाने गप्प आहोत अशी माझी समजूत होती.

मग त्याच्या पाठीवर टेंगळं यायला लागली. पेटीसकट उचलून प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी पुड्या चिमटीत धरून विचारलं, हे कोणी ठेवलं? मी कौतुकाच्या अपेक्षेने 'मीच' म्हणालो. त्यानंतर बाई बराच वेळ बोलल्या. कासवाच्या पिल्लाला ओल लागते. उजाड मुलखातली कासवंसुद्धा लहानपणी ओलसर बिळात दडून राहतात. हवा कोरडी असली की पाठीचा एकेक तुकडा उंच होत जातो, आणि असंच चाललं तर अंगातलं पाणी आटून मूत्रपिंडं जातात, मग पाठीची काळजी करायला कासवच उरत नाही. झालेली टेंगळं सपाट होणार नाहीत, पण पुढची वाढ नीट होऊ शकेल, म्हणाल्या. शेवटी विचारलं, 'प्रत्येक तुकड्याचा हा मधला भाग किती छान गुळगुळीत आहे. तेव्हा काय वेगळं होतं?' मी म्हणालो, हवामान.

ताई, तेव्हा तिची वाफेची इस्त्री होती. दिवसभर चालायची. खोलीत आडवी दोरी आणि तिच्यावर शिवण्याआधी भिजवलेले लोकांचे कपडे, अन् त्या दोरीवरून आमची लग्नापासूनची भांडणं. मी खिडकी उघडायचो, ती बंद करायची. ती गेल्यावर मी दोरी काढली, खिडकी उघडी टाकली आणि घर एकदाचं कोरडं ठणठणीत झालं. आता रोज पाला घालताना दिसतं, मधलं गुळगुळीत तेवढं तिच्या वेळचं, भोवतीचं टेंगूळ माझ्या वेळचं. फार वाईट वाटतं.

मग मी इरेला पेटलो. इस्त्री काढली आणि कपड्यांशिवायच चालवली. किटली उकळत ठेवली, दारांवर ओले पंचे टाकले, खिडकी बंद केली. (तिने पाहिलं असतं तर बोलली नसती, नुसती हसली असती.) त्याच खोलीत एका वकिलांचे जाडजूड खंड बांधून तयार होते. वकील आले, पहिला खंड उघडला, तो पुन्हा मिटेना. ते कोपराने दाबत उभे राहिले, शब्दही न बोलता, आणि वकील माणूस गप्प बसला की प्रकरण गंभीर असतं. डॉक्टरीणबाई पुन्हा रागावल्या. खोली नव्हे, पेटी दमट हवी, शिवाय ऊबही हवी. गारठा आणि ओल एकत्र आले की पिल्लाच्या नाकातून बुडबुडे येतात. तेव्हा आता पेटीत नारळाच्या भुशाचा थर आहे, तळाला ओला, वर कोरडा. अर्धं झाकण, एका टोकाला दिवा, दुसऱ्या टोकाला ओलं शेवाळ भरलेलं घरकुल, आणि रोज हनुवटीपर्यंत कोमट पाण्यात बैठक. घरकुल मी स्वतः बांधलं होतं, उत्तम पुठ्ठ्याचं, कापडी पाठीचं, दारावर सोनेरी अक्षरांत नाव. दोन दिवसांत ते विरघळून बटणाच्या अंगावर बसलं आणि बटण ते पांघरून सकाळभर फिरलं. सध्या प्लॅस्टिकचा डबा उपडा घातलाय.

तुझं तळमजल्यावरचं घर आठवतं. मागच्या खोलीच्या भिंतीवर हिरवट ओल चढायची. तुझी भावजय गेल्यावर तू 'इकडेच ये राहायला' म्हणालीस, आणि मी पुस्तकं कुजतील असं सांगून विषय मिटवला. त्या भिंतीबद्दल आजवर जे काही बोललो ते सगळं मागे घेतो. कासवांच्या दृष्टीने तुझं घर फार विचारपूर्वक बांधलेलं आहे.

जपून राहा. काठी वापर.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. बटणाला मागच्या खोलीत ठेवून घेशील का? खातं थोडं, आवाज नाही.

ता. क. २. तुझ्या गुडघ्यांना वाकणं झेपणार नाही, तेव्हा त्याला रोज पाण्यात बसवायला कोणाला तरी सोबत यावं लागेल. तोही खातो थोडं. आवाजाचं सांगवत नाही, बऱ्याच दिवसांत कोणाशी बोललेला नाही.

ता. क. ३. पाकीट चिकटवण्याआधी बटणाला दवाखान्यात दाखवून आलो. टेंगळांच्या कडेने नवी वाढ दिसतेय, अगदी सपाट. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आहे तिथे उत्तम चाललंय, त्याला हलवायची काही गरज नाही. तेव्हा पहिला ता. क. रद्द समज. दुसरा तसाच ठेव.