मध्य महाराष्ट्र म्हणजे कुठं

भिंगार
बुधवार, ता. १० एप्रिल १९७४

ती. स्व. मच्छिंद्रदादांस,
धाकटा भाऊ कानिफनाथ याचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक आहे असं लिहून पुढं एक गोष्ट ठीक नाही असं लिहावं लागणार, म्हणून आधी चांगलं लिहितो. गोरक्षनाथशेठनी दुकानाच्या छपरावर टेलिव्हिजनसाठी नवा उंच पाइप उभा केला. अँटेना पुण्याच्या दिशेला नीट राहिली तर तुमचा चेहरा दिसतो, नाहीतर पडद्यावर नुसत्या मुंग्या. सोमवारी आणि शुक्रवारी तुम्ही हवामान सांगायला आलात की रेडिओ दुरुस्तीला आलेली माणसं रेडिओ विसरून उभी राहतात. तुम्ही सांगाल ते मी खडूनं बाहेरच्या फळ्यावर उतरवतो. नववीतून शाळा सुटली तरी काना-मात्रा इकडची तिकडे होऊ देत नाही.

आता वाईट. गेल्या शुक्रवारी तुम्ही मध्य महाराष्ट्रात गडगडाटासह पाऊस सांगितलात. मी तसंच लिहिलं. आई आणि गोजरकाकू वाडीवरून आल्या होत्या. आपला कांदा काढून वाफ्यातच वाळत पडला होता, म्हणून काकूंनी विचारलं की ह्यात आपण येतो का. मला मध्य प्रदेश ठाऊक होता. मध्य महाराष्ट्र त्याच्या शेजारी, नागपूरच्या पलीकडे कुठंतरी असणार, असं मी सांगितलं. फळ्याभोवतीच्या सगळ्यांना ते पटलं आणि मंडळी नागपूरकरांची कीव करत घरी गेली. शनिवारी दुपारी वाडीवर गारांसकट पाऊस झाला. कांदा भिजला. निवडून बराचसा वाचवला, त्याची काळजी नसावी.

काळजी आईची आहे. ती म्हणते, कोकण म्हणाला, विदर्भ म्हणाला, मराठवाडा म्हणाला, आपल्या नगरचं नाव तेवढं त्याच्या तोंडात न्हाई. मुंबईचं पाणी लागलं की असंच हुतं. सोमवारी ती तुम्हाला बघायला आली नाही. मे महिन्यात तुमच्या नव्या खोलीवर यायचं ठरलं होतं, तेही आता नको म्हणते. तुमच्यासाठी पिशवीत भरलेल्या शेवया तिनं परत डब्यात ओतल्या. तुम्ही एकदा नगर असं स्पष्ट म्हणालात तर तिचं मन वळेल. मध्य महाराष्ट्र नक्की कुठं आहे तेही कळवावं.

तुमच्या मागच्या कार्डात उन ऱ्हस्व पडलं आहे. ऊन दीर्घ असतं. राग नसावा. धाकट्यावरची माया उन्हाळ्यात आटू देऊ नये.

आपला आज्ञाधारक,
कानिफनाथ

कुर्ला, मुंबई
सोमवार, ता. १५ एप्रिल १९७४

चि. कानिफनाथ यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. यंदाचं ऊन दीर्घच आहे, कबूल.

अरे बाबा, मध्य महाराष्ट्र म्हणजे आपणच. खानदेश, नाशिक, पुण्यापासून सोलापुरापर्यंत सगळा मुलूख त्यात येतो आणि नगर तर मधोमध. पुण्याला वेधशाळेत पर्जन्यमापकातलं पाणी मोजायला लागलो तेव्हापासून तो शब्द तोंडात बसला. तिथून रेडिओवर वाचायला गेलो, रेडिओवरून इथं आलो. एवढ्या वाटेत घरच्या माणसांना तो शब्द कळत नसेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. चूक तुझी नाही. मला मात्र नागपूरकरांचं वाईट वाटलं.

इथं लोक फार माया करतात. बाजारात भाजीवाली मला ढगवाले म्हणते, मिरच्या वाळत घालू का ते विचारते आणि उत्तर पटलं तर मूठभर कोथिंबीर वर टाकते. बसमधला कंडक्टर तिकीट देताना उकाड्याबद्दल मला रागावतो. हे सगळे मला नावानिशी विचारतात आणि माझी आईच तोंड फिरवून बसली आहे, हे वाचून जेवण गेलं नाही.

पण नगर म्हणता येणार नाही. वेधशाळेचा कागद येतो, त्यातला शब्द बदलायचा नाही. मागे तुरळकच्या जागी थोडाथोडा म्हणालो, तर साहेबांनी बोलावून घेतलं. आज नगर म्हटलं तर उद्या सोलापूरकर रुसतील. नकाशावर फिरवायच्या छडीबद्दल मात्र कुणी काही सांगितलेलं नाही. शुक्रवारी, २६ तारखेला, मध्य महाराष्ट्र म्हणताना मी छडी नगरवर टेकवीन आणि वाक्य संपेपर्यंत उचलणार नाही. काही करून आईला घेऊन ये. आईला माझा साष्टांग नमस्कार सांग आणि तिची नाराजी थोडी तू वाटून घे.

तुझा,
मच्छिंद्रदादा

भिंगार
रविवार, ता. २८ एप्रिल १९७४

ती. स्व. दादांस,
कानिफनाथचा शि. सा. न. वि. वि.

दादा, काम झालं. कसं झालं ते क्रमानं लिहितो.

आई यायला तयार नव्हती. मी छडीचं सांगितलं तेव्हा म्हणाली, नाव घ्यायला जीभ जड झाली व्हय, आता काठीनं दाखवतो. शेवटी गोजरकाकूंनी तिला जवळजवळ ओढतच आणलं. शुक्रवारी नेमका वारा सुटला आणि पाइप हलायला लागला. कुणीतरी वर जाऊन धरणं भाग होतं. कुणीतरी म्हणजे मी. खालून शेठ ओरडत होते, पुण्याकडं, अजून थोडं पुण्याकडं, आता मुंबईला निघाला काय. आवाज आलाच नाही, नुसती घरघर. मग काकू ओरडल्या की चित्र आलं, आता शिंकूसुद्धा नको. मी शिंकलो नाही.

पुढचं ऐकीव आहे. मुंग्यांतून एक माणूस आणि नकाशा दिसला. आई पडद्याला नाक लागेल इतकी जवळ गेली. छडी नकाशाच्या मध्यावर आली आणि तिथंच थांबली. शेठ म्हणाले की ती पुण्यावर आहे. आईनं त्यांना डोळे तपासून घ्यायला सांगितलं. छडी भिंगारच्या जराशी वर, थेट आपल्या विहिरीवर होती म्हणे. माझ्या लेकानं कशी दाबून धरली बघा, असं तिनं दुकानातल्या प्रत्येकाला सांगितलं.

घरी जाऊन तिनं उरलेल्या कांद्याचा ढीग करून त्यावर पाचट घातलं. शब्द एकही ऐकला नव्हता, तरी काठी टेकली म्हणजे पाऊस येणार यावर ती ठाम होती. काल दुपारी पाऊस आला. कांदा कोरडा. आता ती वाडीभर सांगत फिरते की मध्य म्हणजे आपण, बाकीचे कडेचे. शेवया पुन्हा पिशवीत गेल्या आहेत आणि मे महिन्यात मी तिला घेऊन येत आहे.

तिची एकच तक्रार आहे. ती सांगते तशी लिहितो. तू वाळलास आणि तुला चष्मा लागला, तर घरी कळवायची रीत न्हाई का.

पाइपला आता तारेचा ताण दिला आहे. आमच्यावरचं लक्षही असंच घट्ट राहू द्यावं.

आपला आज्ञाधारक,
कानिफनाथ

कुर्ला, मुंबई
मंगळवार, ता. ३० एप्रिल १९७४

चि. कानिफनाथ यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून हसलो आणि लगेच हे लिहायला बसलो. शुक्रवारी मी टेलिव्हिजनवर नव्हतो. गुरुवारीच घसा असा बसला की पाणी मागायलाही खूण करावी लागे. माझ्या जागी भाऊसाहेब म्हणून आमचे सहकारी आहेत, त्यांनी वाचलं. अंगानं किडकिडीत आहेत, चष्मा लावतात, आणि हात दुखतो म्हणून छडी नकाशाच्या मध्यावर टेकून उभे राहतात. कोकण असो की विदर्भ, त्यांची छडी तिथंच. कागदावर आपल्याकडचा पाऊस होता, तेवढं खरं.

माझं वचन माझ्याकडून राहून गेलं. आता घसा मोकळा आहे. सोमवारी, ६ मे रोजी, मी स्वतः उभा राहीन आणि छडी नगरवरच ठेवीन. आईला यातलं काय सांगायचं आणि काय नाही, ते तू ठरव. तू तिच्याजवळ आहेस. तुम्हा दोघांची वाट बघतो आहे.

तुझा,
दादा

भिंगार
शुक्रवार, ता. ३ मे १९७४

ती. स्व. दादांस,
कानिफनाथचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी आईला वाचून दाखवलं. घशाचं आणि भाऊसाहेबांचं वाचलं नाही. आजवर कुणाच्याही पत्रातलं एक अक्षर मी गाळलेलं नाही, त्यामुळं आवाज जरा अडखळला. आईनं विचारलं की पत्र एवढंच कसं. तुम्ही घाईत असाल, असं मी म्हणालो. मग तिनं विचारलं की चष्म्याचं काय लिहिलंय. मी म्हणालो, नंबर अगदी बारीक आहे, काळजी करू नकोस असं लिहिलंय.

त्यावर ती म्हणाली की काळजी कसली, चष्म्यात तो चांगला हेडमास्तरासारखा दिसतो, आधीच लावायला हवा हुता. हे तिनं वाडीवर सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. सोमवारी गोजरकाकूंसकट सारी वाडी तुम्हाला बघायला येणार आहे. वारा नसला तर मीही खाली बसून बघीन.

तरी दादा, छडी तुम्ही नगरवर ठेवालच. पण नकाशापुढं उभं राहण्याआधी भाऊसाहेबांकडून त्यांचा चष्मा तेवढा मागून घ्यावा.

आपला,
कानिफनाथ