शटरला हात लावू नका

३ फेब्रुवारी
आज दुकानात कलावंत अवतरले! खिशात पाइप — ओढत नाहीत, नुसता मिरवतात. कॅमेरा माझ्या वडिलांच्या वयाचा. शटरचे दोन कापडी पडदे. पुढच्याची स्प्रिंग थकलेली, तो रेंगाळतो, मागचा त्याला गाठतो आणि फोटोची उजवी बाजू काळीठिक्कर. "फक्त लेन्स साफ करा. शटरला हात लावू नका." का? तर म्हणे, "अंधारालाही काही सांगायचं असतं." असेल बाबा! मला कधी काही सांगितलं नाही त्याने.

५ फेब्रुवारी
हिला सांगितलं. वाटलं, पोट धरून हसेल. तर मलाच — "त्यांची वस्तू, त्यांची मर्जी. तुम्हाला अख्खं जग बिघडलेलंच दिसतं." दिसणारच! पस्तीस वर्षं दुसरं काय येतंय माझ्या टेबलावर?

६ फेब्रुवारी
वाचनालयात त्यांचे फोटो लागलेत. मुद्दाम गेलो. बारा फोटो, बाराही त्यांच्या म्हाताऱ्या आईचे, जेवणाच्या टेबलाशी. उजवीकडे डांबर ओतल्यासारखं. एक बाई चक्क डोळे टिपत होत्या! अहो बाई, स्प्रिंगला अर्धा पीळ दिला असता तर तुमचा रुमाल कोरडा राहिला असता. मनातच म्हटलं आणि दुकान गाठलं.

९ फेब्रुवारी
राहवलं नाही. उघडलंच. पडद्याची फीत कुजलेली — नवी लावली. वाळलेलं ग्रीस खरवडलं, स्प्रिंग ताणली. काय धावतात पडदे! कलेचा रोग बरा.

१० फेब्रुवारी
कॅमेरा घेऊन गेले. मी साळसूद.

१६ फेब्रुवारी
कलावंत तणतणत आले. "नको म्हटलं होतं ना मी!" नवा फोटो काउंटरवर आपटला. लख्ख! आई, टेबल, शेजारी रिकामी खुर्ची. म्हटलं, "साहेब, पहिल्यांदाच अख्खा आलाय." कॅमेरा तिथेच टाकून गेले. एवढा माज!

१७ फेब्रुवारी
सकाळी परत आले. हळू आवाजात बोलले. वडील जाऊन दोन वर्षं झाली. आईच्या लक्षात राहत नाही. जुन्या फोटोंतल्या काळ्या भागावर बोट ठेवून म्हणायची, "हे काय, इथेच तर बसलेत." मग जेवायची. नवा फोटो पाहिल्यापासून एकच विचारतेय — "उठून कुठे गेले?"
स्प्रिंग पुन्हा सैल करायला घेतली. हिला बोलावलं, दिवा धरायला.