खालचं कुंड

३ मार्च
पोचलो एकदाच्या! बस उतार उतरली, समोर समुद्र दिसला आणि ताईने माझा हात दाबला तो उतरेपर्यंत सोडलाच नाही. बंदरामागे गरम पाण्याचा झरा आणि त्यावर बांधलेलं हे दगडी स्नानगृह. त्याच्या शताब्दीसाठी इतिहास लिहायला मला बोलावलंय. मी एकच अट घातली होती, ताईचे उपचार फुकट व्हायला हवेत. खुब्यापासून गुडघ्यापर्यंत तिचा डावा पाय लाकूड झालाय आणि पायाविना तिचं शिलाईचं दुकान बंद पडलंय. ती पुन्हा मशीनवर बसली की मला दुसरं काही नको. खोलीत कुजक्या अंड्यांचा वास येतो. ताई म्हणते, औषधाचा वास आहे, नाक मुरडू नकोस.

४ मार्च
व्यवस्थापकांनी हिंडून सगळं दाखवलं. झऱ्याचं पाणी आधी वरच्या कुंडात येतं, तिथे रोगी बसतात. तेच पाणी दगडी पन्हाळीतून खालच्या कुंडात उतरतं, ते कामगारांसाठी. रोगी वर असताना कामगारांनी खाली बसायचं, पाणी वाया घालवायचं नाही, ही इथली रीत. मीही आता कामगारच, म्हणजे रोज फुकट गरम पाण्याची आंघोळ. आंधळा मागतो एक डोळा, तशातली गत!

७ मार्च
इतिहास कसला, डोंबल! व्यवस्थापक म्हणतात कारकुनाला विचारा, कारकून म्हणतो जुन्या डॉक्टरांना विचारा, आणि डॉक्टर ठार बहिरे. जो तो बरे होऊन गेलेल्यांची कौतुकं ऐकवतो. काम करणाऱ्यांबद्दल विचारलं की तोंडात मिठाची गुळणी. आणि कामगार तरी कसले? टॉवेल देणाऱ्या बाईंची बोटं वाकडी, पहारेकऱ्याला दम लागतो, कारकुनाची मान थरथरते. जगाला बरं करणाऱ्यांची ही तऱ्हा, दिव्याखाली अंधार. खणखणीत आहेत ते एकटे व्यवस्थापक. ते म्हणे घरी आंघोळ करतात.

११ मार्च
ताई काठीशिवाय खिडकीपर्यंत चालली! मी रडले, तिने मला वेडी म्हटलं आणि मग स्वतःच रडली. माझा डावा गुडघा मात्र धरलाय. जिन्यात वेडावाकडा पाय पडला असेल.

१५ मार्च
वरच्या कुंडात ताईसोबत एक निवृत्त मास्तर बसतात. त्यांचा आवाज वर्षभर गेलेला होता. आज ते सज्जात उभे राहून खड्या आवाजात कविता म्हणत होते. माझा घसा मात्र बसलाय, नुसती खरखर उरलीय. खुब्यातून कळ येते. व्यवस्थापकांकडे गेले तर म्हणाले, समुद्राची हवा सोसत नाही कुणाकुणाला. शताब्दीची नक्की तारीख विचारली, तेही सांगेनात. डोकं फिरायची वेळ आलीय.

१७ मार्च
टॉवेलवाल्या बाईंनी आज घड्या घालता घालता सांगितलं. हे पाणी कुणाला बरं करत नाही. वरच्याचं दुखणं उचलतं आणि खालच्याला देतं, एवढंच. मी विचारलं, मग तुम्ही पळून का जात नाही? म्हणाल्या, दुखणं घेऊन जाणार कुठे? खाली नवं माणूस आलं की कधीतरी आपला वर बसायचा नंबर लागेल, म्हणून सगळे थांबलेत. इतिहास लिहायलाही दर दोन-तीन वर्षांनी कोणीतरी येतंच. शताब्दी दरवेळी असतेच.



१८ मार्च
आवाज पूर्ण गेला. बोटंही वळू लागलीत, हे दुखणं वरच्या कुणाचं ते माहीत नाही. व्यवस्थापकांपुढे कागदावर प्रश्न लिहून धरला. शांतपणे म्हणाले, दार उघडं आहे, जा की. आत्ता जे ज्याच्यापाशी आहे, ते त्याच्यापाशी राहील. म्हणजे ताई चालेल आणि मी —

चालेल. मला चालेल. ताईला घेऊन उद्याच निघायचं.

१९ मार्च
ताई ऐकत नाही. पाण्याचं खरं लिहून दिलं तर दुखणं परत घ्यायला ती मुद्दाम खाली बसेल, म्हणून नुसते हातवारे केले, बॅग पुढे ओढली, दार दाखवलं. ती म्हणते, तुला ताप चढलाय, अशी कशी नेऊ? आणि स्वतःच व्यवस्थापकांकडे जाऊन आली — मी आता बरी आहे, माझी वरची जागा धाकटीला द्या, मी बसते खाली. ते लगेच हो म्हणाले.

लगेच! मेल्याला विचारसुद्धा करावा लागला नाही.

२० मार्च, सकाळ
चिठ्ठी लिहिली. खाली बसू नकोस. एवढंच जमलं. ताईने घडी करून कमरेला खोचली. चष्मा खोलीत राहिलाय, नंतर वाचते म्हणाली, आधी तू पाण्यात बस. मी तिचा पदर धरला. तिने माझी बोटं सोडवली, लहानपणी सोडवायची तशी —

कुंडात
वही कठड्यावर. बाईंनी उचलून बसवलं मला. पाणी ऊन ऊन. उठायला हवं —

बोटं सुटतायत. अक्षर सरळ येतंय.

ताई खाली बसलीय. गुणगुणतेय.

खुब्यातली कळ गेली. नुसती गेली नाही, जाताना कळली — पन्हाळीकडे —

घसा मोकळा झाला. आता हाक मारता येईल. मारायलाच हवी.

ताईचं गुणगुणणं थांबलं. पाय धरला म्हणते. उठता येईना, हात दे गं, म्हणते.

हो ताई. आलेच. गुडघ्यातलं तेवढं उतरू दे, थोडंच राहिलंय, एवढं झालं की —