भुंगा मुका झाला

९ जानेवारी

भुंगा गेला. भर दुकानात, वाक्याच्या मधोमध!

औषधाच्या दुकानात उभी होते, मागे रांग. "यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या—" एवढं निघालं, मग नुसती खरखर, मग तीही नाही. बटण दाबतेय, दाबतेय. दुकानदार माझ्या ओठांकडे बघतोय, मागची बाई गळ्यावरच्या भोकाकडे. शेवटी पर्समधून गोळ्यांचं रिकामं पाकीट काढून काचेवर आपटलं. रांगेतून कुणीतरी म्हणालं, "मुक्या आहेत वाटतं." 

सहा वर्षांपूर्वी स्वरयंत्र काढलं तेव्हाही इतकं लागलं नव्हतं. तेव्हा जीव वाचला यातच सगळे खूश होते. आणि लगेच हे यंत्र मिळालं — हनुवटीखाली टेकवायचं, बटण दाबायचं, ओठ हलवायचे, की त्याच्या गुणगुणीचे शब्द होतात. लेकीनं पहिल्याच दिवशी बारसं केलं — भुंगा! कापडाच्या दुकानात काउंटरमागे तीस वर्षं तोंडाची टकळी चालवलेली बाई मी. भुंग्यावरही चालवली.

रात्रभर चार्जिंगला लावते. हिरवा दिवा तर लागतोय.

१० जानेवारी

हिरवा दिवा खोटारडा आहे. दोन शब्द, आणि मेला.

११ जानेवारी

हे भुंगा घेऊन मोठ्या दुकानात जाऊन आले. आल्या आल्या चपला भिरकावल्या, तेव्हाच कळलं. "हे मॉडेल कंपनीनं केव्हाच बंद केलं म्हणे. बॅटरी बनतच नाही. नवीन घ्या म्हणाला, जसं काही भाजीच घ्यायचीय!" मग यांनी दवाखान्यात फोन केला. बोलणं शिकवणाऱ्या बाई रजेवर. नव्या यंत्राचा अर्ज पुढं पाठवतील, मग ते बाहेरून येईल, कधी ते सांगता येत नाही.

मी ओठांनी म्हटलं, तोवर मी काय करू? यांना कळलं नाही. "काय? जेवू का?" म्हणाले.

जेवलो.

१३ जानेवारी

दुपारी खारूचा फोन. आमची लेक — लहानपणी सगळं उशीखाली साठवून ठेवायची म्हणून खारू. लग्न होऊन लांब गेली, रात्रभराचा प्रवास आहे. दुपारी गच्चीवर कपडे वाळत घालायला जाते तेवढ्यात मला फोन करते. हे तेव्हा झोपलेले असतात.

फोन घेतला खरा, पण बोलू काय? नखानं टकटक केलं. 

"आई? भुंगा बिघडला का गं?" — टक. 

"एक टक म्हणजे हो?" — टक. "दोन म्हणजे नाही?" — टक. हसली. मलाही बरं वाटलं जरा.

मग तीच बोलत राहिली. एरवी मी मध्ये मध्ये बोलून तिला बोलूच देत नाही, हे आज लक्षात आलं. बराच वेळ इकडचं तिकडचं. मग म्हणाली, "बाथरूमची कडी काढून टाकलीय त्यानं. दार नुसतं लोटायचं. म्हणतो, तुला आतून कडी कशाला लागते?" 

माझा हात भुंग्याकडे गेला. सवयीनं. मेलेला भुंगा गळ्याला टेकवून बसले.

"बाबांना सांगू नकोस हं. त्यांना झेपायचं नाही." 

काय करू? टक केलं.

१४ जानेवारी

मेसेज लिहिला — 'काय चाललंय? नीट सांग.' आणि तसाच पुसला. तीच एकदा म्हणाली होती, तिचा फोन संध्याकाळी आधी तो बघतो, मग तिच्या हातात येतो. पत्राचंही तेच. बोललेलं तेवढं मागं उरत नाही. आणि नेमकं तेच मला येत नाही!

१५ जानेवारी

यांनी स्वतःच शस्त्रक्रिया करायची ठरवली. टेबलावर वर्तमानपत्र, बटाटे सोलायची सुरी, चष्म्यावर दुसरा चष्मा. भुंग्याचं पोट फोडलं. आत पिवळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले तीन जाडे सेल, एकमेकांना जोडलेले, आणि त्यांच्या तोंडाशी हिरवट पांढरी बुरशी आल्यासारखी पावडर. "फुटलेत," हे म्हणाले, डॉक्टरनं सांगावं तसं.

माळ्यावरच्या जुन्या बिनवायरच्या फोनचे सेल काढले. चिकटपट्टी, तांब्याची तार, पुन्हा चिकटपट्टी. माझ्या हातात दिलं. 

टेकवलं. बटण दाबलं. गुणगुण! मला काय बोलू नि काय नको! आणि तोंडातून काय गेलं? "अहो, फ्रिजचं दार उघडं राहिलंय. किती वेळा सांगायचं? वीज काय फुकट येते?" 

एवढ्यात भुंगा गरम व्हायला लागला. प्लॅस्टिक जळल्याचा वास. हातातून टाकला. हे फ्रिजचं दार लावून आले, तोवर संपलं होतं.

तीन वाक्यं मिळाली होती. फ्रिजवर घालवली! स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

१६ जानेवारी

खारूचा फोन. उजवा हात वर होत नाही म्हणे, डाव्या हातानं कपडे वाळत घालते. कसं झालं ते सांगितलं नाही. मग सांगितलं.

ते इथं लिहिणार नाही.

१७ जानेवारी

ती बोलते, मी टकटक करते. यंत्र चालू असताना इतक्या वर्षांत तिनं यातलं चकार शब्दानं सांगितलं नव्हतं. भिंतीशी बोलावं तशी बोलतेय. मला बोलता आलं असतं तर मी ओरडले असते, रडले असते, जावईबापूंचा उद्धार केला असता, आणि ती "काही नाही गं, गंमत केली" म्हणून गप्प झाली असती. म्हणजे माझ्या मुकेपणाचा उपयोगच झाला म्हणायचा. कसला उपयोग! नुसतं ऐकून घेणारी आई काय कामाची?

नोकरी त्यानं सोडायला लावली होती. आम्हाला सांगितलं होतं, तिलाच कंटाळा आला.

१९ जानेवारी

सर्वनाश केला मी आज.

घाईत होती. आवाज दबलेला. "आई, पटकन सांग. शेजारच्या ताई निघाल्यात त्यांच्या माहेरी, गाडीनं. तुमच्या गावावरून जाणार. मला घेऊन जाते म्हणतात. येऊ? की थांबू अजून थोडं, बघू सुधारतो का?"

मी टक केलं. एकदा. जीव खाऊन. ये म्हणून! 

टक म्हणजे हो, पण तिनं शेवटचाच प्रश्न धरला. मग म्हणाली, "म्हणजे… थांबू?" 

मी टकटक, टकटक, टकटक — वेड्यासारखी फोनच आपटत सुटले. तिला काय कळणार त्यातलं? "बरं बरं, आई, चिडू नकोस. तुला वाटतंय तर थांबते." आणि खाली कुणाचीतरी हाक, आणि फोन बंद.

तुला वाटतंय तर!

तोंड उघडून किंचाळले. आवाज कुठला यायला? भोकातून नुसता वारा गेला. हे आत घोरत होते.

२० जानेवारी

फोन नाही.

२१ जानेवारी

नाही. मीच लावला. त्यानं घेतला. मी काय बोलणार! "हॅलो, हॅलो" करत राहिला. मी ठेवला.

२२ जानेवारी

यांना उठवून लावायला लावला. जावईबापू तुपाहून मऊ: "ती झोपलीय, बाबा. आईंचं यंत्र बंद आहे ना? मग ही आईंशी अर्धा अर्धा तास काय बोलायची, तेच मला कळेना. फोनचं वेड लागलंय तिला. काढून घेतलाय जरा." हे फोन ठेवून म्हणाले, "शिस्तीचा आहे हो मुलगा." 

भांडी आपटण्यापलीकडे काही हातात उरलं नाही. दोन कप फुटले.

२३ जानेवारी

सांगितलं यांना. लिहून. तिनं नको म्हटलं होतं तरी.

पाठकोऱ्या कागदांवर लिहीत गेले, एकेक कागद पुढं सरकवत गेले. कडी. हात. नोकरी. माझं ते टक. हे वाचत होते. पहिल्या कागदानंतर म्हणाले, "अगं, दोघांत होतंच थोडंफार." दुसरा दोनदा वाचला. शेवटचा वाचून उठले, बाथरूममध्ये गेले, आणि आतून कडी लावल्याचा आवाज आला. मग काढल्याचा. पुन्हा लावल्याचा. 

बाहेर आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं. "मी जाऊन आणतो तिला." 

मी लिहिलं — तुम्ही अचानक दारात दिसलात तर तो आधी तिचं काय करेल? आणि ती तुमच्याबरोबर निघेल का? तिला वाटतंय आईनं थांब म्हणून सांगितलंय.

हे खुर्चीत बसले. म्हातारे दिसले एकदम.

२४ जानेवारी

सकाळीच भुंगा रुमालात बांधून निघाले. चार दुकानं. एकानं ते दाढीचं यंत्र समजून परत दिलं. शेवटी घड्याळं आणि कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या एका बाईकडे. मीही बरोबर होते. तिनं यांची तार नि चिकटपट्टी बघून विचारलं, "हे कुणी केलं?" 

"माझ्या भावानं," हे म्हणाले. यांना भाऊ नाही!

ती म्हणाली, तेच सेल मिळणार नाहीत, पण त्याच मापाचे नवे, टोकांना पत्र्याची पट्टी असलेले मागवता येतील, मग डाग देताना सेल भाजत नाही. चालेल की नाही याची खात्री देत नाही. कुरियर येईल तेव्हा येईल. हे एरवी दुकानात घासाघीस केल्याशिवाय पाय काढत नाहीत. आज दोन्ही हात काउंटरवर टेकून नुसतं म्हणाले, "बाई, लवकर करा हो. आमची पोर अडकलीय." तिला काय कळलं कोण जाणे. लगेच सेल मागवायला फोन उचलला.

२६ जानेवारी

कुरियर नाही. फोन नाही. अंघोळीला गेले की कडीकडे बघते.

२७ जानेवारी

नाही.

२८ जानेवारी

झाला भुंगा दुरुस्त! आणि मी घात केला.

झाकण बसत नाही, रबर बांधलंय. पण वाजतो. आवाज पहिल्यापेक्षा जाडा. दुकानातच त्या बाईला म्हटलं, "देव तुमचं भलं करो." ती दचकली, मग हसली.

घरी आलो, चपलाही काढल्या नाहीत. फोन लावला. उचलला गेला, पण कुणी काही बोललं नाही. नुसता श्वास. मला वाटलं, खारूच. चोरून घेतलाय, बोलता येत नाहीये. आज ती गप्प आणि मी बोलकी! 

सुटले मग. "खारू, मी थांब म्हटलं नव्हतं. ये म्हटलं होतं. ये. हात दुखतोय तशीच ये. कपडे नको, काही नको. घर तुझं आहे. बाबांना सगळं माहीत आहे. आत्ता निघ." 

पलीकडून घसा खाकरल्याचा आवाज आला. पुरुषाचा. फोन बंद.

सगळं त्याच्या कानात ओतलं मी. हात दुखतोय हेसुद्धा! तिनं मला सांगितलं हे त्याला मीच सांगितलं. परत लावला, बंद. पुन्हा, बंद. शेजारच्या ताईंचा नंबर नाही. हे जीपवाल्याला ठरवायला धावत गेलेत, पहाटे निघायचं म्हणतात. तोवर तिथं काय होईल? भुंगा मेला होता तेच बरं होतं. माझ्याच तोंडानं मी पोरीला खाईत लोटलं.

२९ जानेवारी

पहाटे जीपची वाट बघत दार उघडलं तर पायरीवर खारू. घरातल्या चपला, साबणाचे डाग पडलेला गाऊन, वर शेजारच्या ताईंची शाल, मागे रस्त्यावर त्यांची गाडी. 

"भुंग्याचा पहिला शब्द ऐकला तसा त्यानं फोन स्पीकरवर टाकला, आई. घरातल्या सगळ्यांना तुझा आवाज ऐकवून हसायला. मी आत भांडी घासत होते. सगळं ऐकू आलं."