चिपवर आपलंच नाव

डेस,

मटण फ्रिजमध्ये आहे. तुझी पहिल्या बक्षिसाची निळी रिबन कचऱ्यात आहे. कुत्र्यांना पाणी ठेवलंय. उद्या कुत्र्यांच्या शोला एकटाच जा.

आज आमच्या बचाव केंद्रात एक हीलर जातीचा कुत्रा आला, नुसता हाडांचा सापळा. मानेतली ओळखीची चिप तपासली, तर आपल्याच घरचं नाव! आपला टकर. "शेतावर मजेत आहे गं तो," असं मला सांगत होतास ना? ज्याला तू तो विकलास, त्या मालकाने तुला तीनदा फोन केला होता, त्यानेच मला सांगितलं. पिल्लू विकताना 'नको झालं तर परत आणा' म्हणून छाती फुगवतोस, आणि त्याला म्हणालास, "असल्या वाकड्या कानाचं कुत्रं माझ्या दारात नको."

टकरला घेऊन मी बहिणीकडे जातेय. तो घरात येईल, तरच मी येईन.

नोएलीन

जन्मला तेव्हा तो श्वास घेत नव्हता. तूच टॉवेलने चोळचोळून त्याला जगवलंस.